न गेलेल्या गावांचे आकडे

माय आजारी पडली त्या उन्हाळ्यात मी घरी बसून अकरा बोअरचं पाणी तपासलं. म्हणजे तपासलं, असं वहीत लिहिलं. हे वाक्य कागदावर उतरवायला मला अर्धं आयुष्य लागलं. माझ्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या मुलामुलींना यातलं थोडंफार ठाऊक आहे. आमच्या विभागातल्या जुन्या लोकांनाही ठाऊक आहे, पण त्यांच्या तोंडी ते फिरत फिरत भलतंच काही होऊन बसलं आहे. कुणी म्हणतं मी सरांवर तक्रार केली, कुणी म्हणतं मला कुणीतरी पकडलं. दोन्ही खरं नाही. म्हणून जसं झालं तसं एकदा सांगून टाकते.

आम्ही तेव्हा लातुरात डाळ मिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मूळ गाव देवणीकडचं, पण आबा एसटीत ड्रायव्हर झाले आणि आम्ही लातूरचे झालो. माय त्याच मिलमध्ये डाळ निवडायला जायची. मिल सुरू झाली की आमच्या भिंतीला पाठ टेकली तरी अंगात थरथर शिरायची. तुरीच्या टरफलांची धूळ पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेवर बसायची आणि माय दर सकाळी सगळ्यात आधी ती काच पुसायची. घरात खायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, जवसाची चटणी. पाहुणा आला तर धपाटे. मी नांदेडला विद्यापीठाच्या होस्टेलवर असायचे आणि शनिवारी घरी यायचे. आबांची ड्यूटी नांदेड गाडीवर असली तर त्यांच्याच गाडीने, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून. स्टेअरिंगवर असताना आबा कुणाशीच बोलत नसत, माझ्याशीही नाही. मी त्यांच्या मानेकडं बघत चार तास काढायचे आणि मला ते बोलण्यासारखंच वाटायचं.

माझं काम पाण्यावर होतं. आमच्या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड असतं. ते मर्यादेबाहेर गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आखडतात, माणूस वाकतो. चाळीस बोअर निवडायचे, पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असं तीन वेळा जाऊन प्रत्येकाचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायचं आणि प्रयोगशाळेत तपासायचं. आमच्याकडं एक लाल द्रावण असे. त्यात नमुना टाकला की फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग फिका पडे, आणि किती फिका पडला ते यंत्र सांगे. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तर पाणी पिण्याजोगं.

माझे मार्गदर्शक बिराजदार सर उदगीरचे, व्यापारी घरातले. कपाळावर भस्माची पुसट रेघ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज कधी चढलेला नाही. रसायनशास्त्रात संशोधनाला आलेली आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी. विभागात कुणीतरी माझ्यामागं म्हणालं होतं, की आता राखीव जागांवर संशोधनही होऊ लागलं. सरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझी वही हातात घेऊन सगळ्यांसमोर उघडली आणि म्हणाले, ‘‘नोंदी कशा ठेवायच्या ते ह्या पोरीकडून शिका.’’ त्या एका वाक्यावर मी पुढं वर्षभर जगले. पुढचं लिहिण्याआधी हे लिहिणं भाग आहे.

तर त्या मे महिन्यात मायच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. टाके पिकले, ताप चढला, दोनदा दवाखान्यात परत न्यावं लागलं. एकोणतीस बोअर तोवर झाले होते. राहिलेले अकरा शिरूर अनंतपाळच्या बाजूचे, आडरस्त्याचे, एका फेरीत दोनापेक्षा जास्त होत नसत. मी मायला ज्वारीच्या कण्या शिजवून भरवायची, आबांचा डबा करायची, चादरी धुवायची आणि मनात दिवस मोजायची. पाऊस आला की उन्हाळ्याचा नमुना संपला, मग वर्षभर थांबा. तेवढ्यात सरांचं पत्र आलं. एका नियतकालिकात आपला लेख घेणार आहेत, तिन्ही ऋतूंचा तक्ता लगेच पाठव.

एका दुपारी वीज गेली आणि मिल बंद पडली. इतकी शांतता त्या घरात मी क्वचितच ऐकली असेल. माय झोपलेली, तिच्या श्वासाचा आवाज तेवढा. मी वही काढली. पावसाळ्याचा आकडा होता, हिवाळ्याचा होता. शेजारच्या गावांचे उन्हाळ्याचे आकडे किती वाढले तेही होतं. अंदाज बांधायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या तासात अकरा रकाने भरले. आणि खरी लाज पुढंच आहे. सगळे आकडे सारख्याच हिशोबानं वाढलेले दिसले तर संशय येईल म्हणून मी एक मुद्दाम कमी केला, दोन थोडे वाढवले, एका ठिकाणी खाडाखोड केली. खोटं खऱ्यासारखं दिसावं म्हणून त्यात खऱ्याचा ओबडधोबडपणा घातला. हल्ली विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायला सॉफ्टवेअर आहे, कुणाचा मजकूर कुठून उचलला ते ते क्षणात दाखवतं. ते बघताना मला दर वेळी वाटतं, माझी वही ह्याच्यापुढं टाकली असती तर ती स्वच्छ निघाली असती. मी कुणाचं काहीच उचललं नव्हतं.

लेख छापून आला. सरांनी पेढे आणले. मीही खाल्ला.

पाऊस सरत आला होता तेव्हाची गोष्ट. मी प्रयोगशाळेत बाटल्या विसळत होते आणि सरांनी खोलीत बोलावलं. समोर पाणीपुरवठ्याचे एक इंजिनिअर बसले होते, पवार नावाचे, बुटांना लाल माती लागलेली. त्यांच्या हातात आमचा लेख होता.

‘‘ह्याच का त्या मॅडम?’’ ते उठून उभे राहिले. मला त्याआधी कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. ‘‘तुमच्यामुळं आमचं काम लई सोपं झालं बघा. एका गावात दोन बोअर हायेत. शाळेजवळचा खराब, हे आम्हाला म्हाईत होतं. अंगणवाडीजवळच्याचं काय, ते कळत नव्हतं. उन्हाळ्यात वाढतंय का काय, हीच फिकीर. आता तुमच्या तक्त्यात उन्हाळ्याचा आकडा हाय, एक पूर्णांक दोन. म्हणजे बिनघोर. त्याच्यावर मोटर बसवून अर्ध्या गावाला नळ देऊन राहिलो.’’

त्यांचं बोट माझ्या आकड्यावर होतं. एक पूर्णांक दोन. तो मला चांगला आठवत होता, कारण आधी मी एक पूर्णांक तीन लिहिला होता.

‘‘काम कधी सुरू होणार?’’ मी विचारलं.

‘‘सुरू झालं की. चर खोदून राहिलेत.’’

सर माझ्याकडं अभिमानानं बघत होते. म्हणाले, ‘‘बघ सुजाता, कागदावरचं काम गावात पोचतं ते असं.’’ चहा आला. मी तो न संपवताच बाटल्या विसळायला परत गेले.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी त्या गावी गेले. फाट्यावर उतरून कोसभर चालत. अंगणवाडीच्या सेविका सुमनबाई मला ओळखत होत्या. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनीच मला हापसा मारून बाटली भरू दिली होती आणि जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. चर अंगणवाडीपासून मारुतीच्या पारापर्यंत आला होता. पोरं त्यात उड्या मारत होती.

‘‘उन्हाळ्यात आली न्हाईस गं?’’ सुमनबाईंनी विचारलं. ‘‘मी वाट बघिटले तुजी.’’

‘‘माय आजारी होती.’’

‘‘हाव, मग कसं येशील. मला वाटलं उन्हाळ्यातच बघाय पाहिजे हे पाणी. लई खाली जातंय तवा, चव पालटती त्याची.’’ त्या सहज बोलत होत्या, पोरांच्या ताटल्या मांडता मांडता. त्यांच्या लेखी मी आले नव्हते ही उघड गोष्ट होती. अख्ख्या जगात त्या एकट्याच माझ्या खोट्याच्या साक्षीदार होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पाणी आणलं, तपासलं. आकडा मर्यादेच्या आत आला. येणारच होता, जमीन पावसानं भरली होती. बोअर उन्हाळ्यात कसा वागतो ते उन्हाळाच सांगणार, आणि उन्हाळा अजून सहा-सात महिने लांब. माझा आकडा खोटा होता, पण चूक होता की बरोबर, हे मलाही माहीत नव्हतं. मनात एक आवाज म्हणायचा, अंदाज काही उगाच बांधला नव्हतास, शास्त्र शिकली आहेस. दुसरा आवाज काहीच बोलायचा नाही. फक्त त्या चरात उड्या मारणारी पोरं दाखवायचा.

शनिवारी घरी गेले. माय पुन्हा हिंडायफिरायला लागली होती. जेवताना मी भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली, तेव्हा आबा म्हणाले, ‘‘काय झालंय ते बोल. दोन घंटे झाले बघून राहिलो तुला.’’

मी सांगितलं. सांगताना मायचं दुखणं, दवाखाना, सरांचं पत्र, सगळं सांगितलं. माय ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला.

‘‘म्हंजी माझ्या दुखण्यापायी केलीस तू हे?’’

‘‘तसं नाही गं माय.’’

‘‘मग कसं? मी काय तुला म्हन्ले का, जाऊ नको म्हनून? शेजारच्या गयाबाईनं मला भरवलं असतं दोन दिस. तुझ्या आबानं रजा काढली असती. तू विचारलीस का?’’ तिचा आवाज चिरका झाला, टाक्यांच्या जागेवर हात गेला. ‘‘जे सांगायचं ते सांग. पन माझ्या दुखण्याच्या नावावर घालू नको. माझ्यापायी लोकाच्या लेकरांनी खराब पाणी पिलं, असं मला ऐकायचं न्हाई.’’

मी तोवर स्वतःलाही तेच कारण सांगत आले होते. ते तिनं काढून घेतलं आणि मग माझ्याकडं काहीच उरलं नाही.

आबांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, ‘‘सांगितलीस तर काय होईल?’’

‘‘स्कॉलरशिप जाईल. कदाचित नावच काढतील. सरांचं नाव लागलंय लेखावर, त्यांची प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. आणि…’’  पुढचं आबाच बोलले.

‘‘आनि म्हनतील, ह्यांच्या पोरींना घेतलं की असंच.’’

‘‘हो.’’

‘‘म्हनतील,’’ आबा म्हणाले. ‘‘तू गप बसलीस तरी म्हननारे म्हनतेत. त्यांचं तोंड काय तुझ्या हातात न्हाई.’’ ते उठून हात धुवायला गेले आणि मोरीतूनच म्हणाले, ‘‘सोमवारी नांदेड गाडी माझ्याकडंच हाय.’’

बिराजदार सरांना मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर कुणी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं, ती सुरू होईना. सरांनी उठून खिडकी लावली.

‘‘किती?’’

‘‘अकरा.’’

‘‘कुणाला माहीत आहे?’’

‘‘घरी. आणि आता तुम्हाला.’’

‘‘मग हे मी ऐकलेलं नाही,’’ सर म्हणाले. ‘‘तुझा अंदाज बरोबरच असेल. पुढच्या मेमध्ये जा, अकरा नमुने आण, प्रबंधात खरे आकडे घाल. लेखातला एखादा चुकला असेल तर छपाईची चूक म्हणून कळवू. संपला विषय.’’

‘‘सर, तोवर मोटर सुरू होईल.’’

‘‘सुजाता, मी तुझ्यासाठी विभागात किती जणांशी वाईट झालोय, तुला कल्पना आहे?’’

‘‘आहे सर.’’

‘‘मग?’’

 त्या माणसाचं मी देणं लागत होते आणि त्यालाच बुडवायला निघाले होते. मी म्हणाले, ‘‘मी पवार साहेबांना आज पत्र टाकते. संपादकांनाही. तुम्हाला माहीत नव्हतं, असं लिहिते.’’

‘‘असं लिहिलंस तर माझ्याकडं काम करता येणार नाही,’’ सर म्हणाले. आवाज चढला नाही. माझी वही त्यांच्या टेबलावर होती, ती त्यांनी बोटानं माझ्याकडं सरकवली.

दोन्ही पत्रं मी स्टेशनजवळच्या पोस्टात टाकली. टाकल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. मी पेटीच्या फटीत बोटं घालून पत्रं परत निघतात का ते बघितलं.

पुढं चौकशी समिती बसली. आबा माझ्याबरोबर आले, ड्यूटी संपवून तसेच, खाकी कपड्यांत. बाहेरच्या बाकावर बसले. आत पाच जण. त्यातल्या एकांनी विचारलं, ‘‘घरची काही अडचण होती का त्या काळात? असेल तर सांगा, विचार करता येईल.’’ ते चांगल्या मनानं विचारत होते. हो म्हटलं असतं तर शिक्षा निम्मी झाली असती. मी म्हणाले, ‘‘अडचण सगळ्यांनाच असते सर. मी गेले नाही आणि गेले असं लिहिलं.’’

मग सरांना बोलावलं. नमुने कुणी पडताळले, असा प्रश्न आला. मला वाटलं, आता हे म्हणतील, मी पडताळले होते, मुलीनं फसवलं. त्यांनी भस्माच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात मी वही पाहिली नव्हती. पाहायला हवी होती.’’ एवढंच. त्यांची मुलाखत त्या वर्षी झाली नाही. त्यांनी मला कधी माफ केलं, असं मला वाटत नाही. वऱ्हांड्यात समोर आले की मान हलवायचे आणि पुढं जायचे. पण ते वाक्य त्यांनी उच्चारलं, आणि ते उच्चारण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नव्हती. पुढं मी स्वतः मार्गदर्शक झाले तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याची वही दर महिन्याला पानन् पान पाहत आले. मुलांना तो अविश्वास वाटतो. वाटू दे.

लेख मागं घेतला गेला, तसं त्या नियतकालिकानं छापलं. माझी स्कॉलरशिप बंद झाली, नोंदणी वर्षभर थांबली. विभागात जे म्हणायचं ते म्हणून झालं. मी ऐकेन इतक्या मोठ्यानं म्हणून झालं. खालच्या वर्गातल्या आमच्या समाजाच्या दोन मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि त्यांचा राग मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो रास्त होता. अंगणवाडीजवळची मोटर पवार साहेबांनी थांबवली आणि खात्री होईपर्यंत हापसाही बंद ठेवला. गावातल्या बायका सगळा उन्हाळा शेताडातून पाणी आणत राहिल्या, आणि त्याही मलाच बोलल्या असणार.

मे लागला तशी मी अकरा बाटल्या घेऊन निघाले. दुसरे मार्गदर्शक अजून मिळाले नव्हते, हे काम कुणाच्या हिशोबात धरलं जाणार नव्हतं. आबांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि कुणाचीतरी लुना मागून आणली. आम्ही अकराही गावं केली. नांदेडच्या एका कॉलेजातल्या ओळखीच्या बाईंनी त्यांच्या प्रयोगशाळेत जागा दिली. अंगणवाडीचा आकडा मी सगळ्यात आधी काढला. यंत्राची सुई स्थिरावेपर्यंत मी वहीत रकाना आखून ठेवला. पाणी चांगलं निघालं. माझ्या खोट्या आकड्याच्या जवळजवळ येऊन थांबलं. ज्यासाठी मी सगळं घालवलं होतं, ते पाणी पिण्याजोगंच होतं. मी खुर्चीवर बसून हसले की रडले ते मला आज सांगता येत नाही.

मग उरलेल्या दहा बाटल्या. सातव्या बाटलीचा नमुना टाकला तसं लाल द्रावण बघता बघता पाण्यासारखं फिकं झालं. मला वाटलं माझ्या हातून काही चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मर्यादेच्या दुपटीहून वर. ही बाटली एका माळावरच्या वस्तीची होती. पंधरा-वीस घरं, एकच हापसा, ज्याच्याबद्दल कुणी इंजिनिअर कधी विचारायला आला नव्हता, ज्याचं नाव माझ्याही डोक्यात राहिलं नव्हतं. त्या रकान्यात मी आदल्या वर्षी एक पूर्णांक एक लिहिलं होतं.

त्या वस्तीवर परत गेलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. हापशावर एक म्हातारी होती, घागर अर्धी भरलेली. आबा लुनाजवळ थांबले. मी जाऊन तिला सांगितलं, की मावशी, उन्हाळ्यात हे पाणी प्यायचं नाही, लेकरांना तर मुळीच द्यायचं नाही, मी वर कळवलंय, टँकर येईल. तिनं हापशाचा दांडा सोडला नाही. म्हणाली, ‘‘तुला कसं म्हाईत?’’

‘‘तपासलं मी.’’

‘‘आमच्यातल्या कोतवालानं सांगितल्तं, नांदेडची बाई तपासून गेली, पाणी चांगलं हाय म्हनून. गेल्या सालीच.’’

‘‘ती मीच.’’

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. पदरानं तोंड पुसलं. ‘‘मग तवा का न्हाई सांगितलीस?’’

समितीपुढं, सरांपुढं, मायपुढं मी जे बोलले होते, ते तोवर नुसते शब्द होते. मी तिच्याकडं बघून म्हणाले, ‘‘गेल्या उन्हाळ्यात मी आलेच नव्हते, मावशी.’’

 तिनं घागर उचलली, माझ्या पायाशी मातीत रिकामी केली आणि घराकडं चालायला लागली.